प्लेट वाकवून बघा

मागच्या आठवड्यात भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डरची ट्रायल पाहिली. दहा मिलिमीटर जाडीच्या दोन प्लेटा, कडा तिरक्या घासून समोरासमोर उभ्या बांधलेल्या. पुढ्यात बावीस-तेवीस वर्षांचा जालन्याकडचा मुलगा. सुपरवायझरांनी त्याला एकच प्रश्न विचारला.

"गॅप किती ठेवणार?"

"अडीच-तीन, साहेब."

"बस मग."

मुलाखत संपली, परीक्षा सुरू झाली. मुलाने शील्ड तोंडापुढे घेतली, रॉड टेकवला आणि खालून वर पहिला रन चढवायला लागला. याला रूट म्हणतात, पुढचं सगळं याच्यावर उभं राहतं. वेल्डिंग नीट चाललं असेल तर कढईत काही तळत असावं तसा एकसारखा आवाज येतो. आवाज फुटला की समजायचं, हात हलला. सुपरवायझर पाठ फिरवून उभे होते आणि कान देऊन ऐकत होते. एक रन झाला की हातोडीने वरची मळी, म्हणजे स्लॅग, उडवायची, ब्रश मारायचा, मग पुढचा रन. तासाभरात शेवटचं कॅपिंग झालं. प्लेट गार झाल्यावर तिच्या पट्ट्या कापल्या, घासून सपाट केल्या आणि प्रेसखाली धरून बरोबर जोडावरच यू आकारात वाकवल्या. जोडात कुठे हवा, कुठे स्लॅग, कुठे अर्धवट वितळलेली कड राहिली असेल तर ती वाकताना तोंड उघडते. तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट दिसली की माणूस नापास. सुपरवायझरांनी पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. कुठे अडकलं नाही.

त्या मुलाचं शिक्षण मी नंतर विचारलं. नववी. तोवर ते कुणी विचारलं नव्हतं.

बॉयलर, प्रेशर व्हेसल, रिफायनरीतले पाइप जगभर अशाच परीक्षेतून गेलेल्या हातांनी जोडले जातात. अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची, एएसएमईची, एक संहिता आहे आणि आपल्याकडचे कितीतरी कारखानेही ती पाळतात. तिच्या नवव्या विभागात वेल्डर पारखायचा कसा ते लिहिलंय. जोडून दाखव, आम्ही तुकडा वाकवून बघतो किंवा त्याचा एक्स-रे काढतो, एवढाच मामला. त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. ज्या प्रक्रियेत वेल्डर पास झाला, त्या प्रक्रियेने त्याने सहा महिने काम केलं नाही, तर त्याची पात्रता संपते. पुन्हा प्लेट जोडून दाखवायची.

या मापाने आता बाकीच्या नोकऱ्या मोजा. पंचवीस वर्षांपूर्वी मिळालेल्या पदवीवर माणूस आजही बढती घेतो. मधल्या काळात तो विषय त्याने उघडून पाहिला का, हे विचारणारं कलम कुठल्याच सेवानियमात मला सापडलेलं नाही. नववी झालेल्या मुलाच्या कागदाला सहा महिन्यांची मुदत आणि त्याच्या कामावर सही करणाऱ्याच्या कागदाला जन्मभराची. हा अन्याय आहे. त्याला दुसरा शब्द शोधण्यात मला वेळ घालवायचा नाही.

हे सगळं मी त्या शेडच्या दारात उभा राहून शिकलो असं नाही. ते मी घरीच शिकलोय. माझे वडील टर्नर होते. दहावीला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा गणितात अडकले. तेच वडील लेथवर टेपर काढायचा असला की मोठा व्यास, छोटा व्यास आणि लांबी ऐकून कंपाउंड स्लाइड किती अंशाला फिरवायची ते उभ्याउभ्या सांगायचे. खिशात तेलाच्या डागांनी पिवळी पडलेली छोटी डायरी असायची, तिच्यात टॅनचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता. चाळीस मिलिमीटरच्या बोअरला वर २५ मायक्रॉनची सूट, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. त्यांच्या जॉबमध्ये बोअर तपासायच्या प्लग गेजची गो बाजू सरकन आत जायची आणि नो-गो तोंडाशीच थांबायची. एका रविवारी त्यांनी मला मायक्रोमीटर धरायला दिलं. मी आवळत बसलो तर म्हणाले, "पिळू नकोस रे, रॅचेट फिरव. वाजली की सोड."

दरवर्षी पावसाळ्यात कंपनीत नवे डिप्लोमावाले ट्रेनी यायचे. त्यांना पहिले सहा महिने वडिलांच्या मशीनजवळ उभं करायचे. टूलला धार कशी लावायची, चकमध्ये जॉब डगमगतोय हे डायल लावण्याआधी कसं ओळखायचं, चिपचा रंग निळा व्हायला लागला की काय करायचं, हे सगळं ही मुलं त्यांच्याकडून शिकायची. दोन-तीन वर्षांत त्यातलाच एखादा त्यांचा सुपरवायझर व्हायचा. एक जण बढतीचे पेढे घेऊन घरी आला होता. "काका, तुमच्यामुळे झालं," म्हणत पाया पडला. वडिलांना खरोखर आनंद झाला होता. त्याच वर्षी सेक्शनमध्ये आणखी एक जागा निघाली म्हणून आईच्या आग्रहावरून वडिलांनीही अर्ज केला. तीन दिवसांत अर्ज परत आला. वर लाल शाईत दोन ओळी: किमान अर्हता नाही, अर्ज विचारात घेता येत नाही.

त्यांनी तो कागद टूलबॉक्सच्या झाकणात, व्हर्नियरच्या मागे घडी करून ठेवला. सव्वीस वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा ओळखपत्रावर तोच हुद्दा होता, ऑपरेटर. कंपनीचं नाव मी घेणार नाही. असा लाल शेरा मारणारी ती काही एकटीच कंपनी नव्हती.

म्हणून सांगतो, काम बघून माणूस घेण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. गवंडी, आचारी, शिंपी, गॅरेजमधला मेकॅनिक, क्रेनवाला यांना आपण कायमच काम बघून घेत आलोय. खालच्या पायरीवर कागद कुणी मागत नाही, कारण तिथे माणूस स्वस्त पडतो. कागद आडवा येतो तो दुसऱ्या पायरीपासून. पगार वाढवायचा म्हटलं, हाताखाली माणसं द्यायची म्हटली, निर्णय घ्यायचा अधिकार द्यायचा म्हटला, की मग मार्कशीट निघते. "आम्ही पदवी पाहत नाही, कौशल्य पाहतो" असं हल्ली ज्या त्या कंपनीचा एचआर सांगतो. त्याला एकच उलट प्रश्न विचारावा: तुमच्याकडे दहा वर्षांपूर्वी कौशल्यावर घेतलेला माणूस आज कुठल्या खुर्चीत बसतो?

अमेरिकेत या घोषणेचा हिशेब लागलाय. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ साली एक अहवाल काढला. तिथल्या कंपन्यांनी जाहिरातीतली पदवीची अट काढून टाकण्याचा धडाका लावला होता. त्यामुळे वर्षभरात खरोखर दार उघडलं ते ७०० नेमणुकांमागे एकालाही धड नाही. जाहिरात बदलली, निवडणाऱ्याची नजर तीच राहिली.

आता आपल्या सरकारकडे बघू. मंत्रालयाच्या उपाहारगृहात वेटरच्या १३ जागा होत्या. किमान पात्रता चौथी पास. अर्ज आले सुमारे ७,०००. निवडीसाठी १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली गेली आणि २०१९च्या जानेवारीत बातमी आली की निवडलेल्या तेरांपैकी बारा पदवीधर आहेत. त्या बारा जणांबद्दल माझ्या मनात राग नाही. पदवी घेऊनही ज्यांना कप-बशा उचलायच्या रांगेत उभं राहावं लागलं, ती आपलीच मुलं आहेत. पण ज्या कामाला चौथी पुरते असं सरकारच म्हणतं, त्या कामाला १०० गुणांचा लेखी पेपर कशासाठी? भरलेला ट्रे घेऊन गर्दीतून चालता येतं का, सहा जणांची ऑर्डर लक्षात राहते का, गिऱ्हाइकाशी नीट बोलता येतं का, हे अर्ध्या दिवसात बघता आलं असतं. चौथी शिकून वीस वर्षं हॉटेलात राबलेला माणूस त्या पेपरात पदवीधरापुढे कसा टिकणार? त्याच्यासाठी म्हणून ठेवलेली जागा त्याच्याच हातून गेली आणि पदवीधरालाही त्याच्या पदवीचं काम मिळालं नाही. एका पेपरने दोघांचंही नुकसान केलं.

तेच विद्यावेतनाचं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली. बारावीला महिना ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००. एकाच कार्यालयात, एकाच टेबलावर, एकच काम शिकणाऱ्या दोघांना वेगळे पैसे, कारण त्यांचे कागद वेगळे. केंद्राच्या शिकाऊ उमेदवारांच्या २०१९च्या नियमांतही हीच उतरंड होती: पाचवी ते नववी शिकलेल्याला किमान ५,०००, पदवीधराला ९,०००. मी म्हणतो, सुरुवातीला ठेवा हवा तर फरक. पण तीन महिन्यांनी काम बघून तो पुसायची सोय तरी ठेवा. ज्या योजनेच्या नावातच कार्य आणि प्रशिक्षण आहे, तिच्यात पैसे कार्यावर आणि प्रशिक्षणावर ठरले पाहिजेत.

काम बघून माणूस वर न्यायचं हे याच महाराष्ट्रात करून दाखवलेलं आहे, तेही शंभरावर वर्षांपूर्वी. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. तिथे हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या धंद्यात आले. पुढे लोखंडी नांगर आले. सुरुवातीला त्यांना हात लावायलाही शेतकरी धजत नव्हते, लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. औंध संस्थानाने कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. अभियांत्रिकीची पदवी मालकाकडेच नव्हती.

त्यांनी जमवलेली माणसं बघा. शाळा अर्ध्यात सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे यंत्रं रचणारे अभियंते झाले. दरोडेखोर म्हणून ज्यांच्या नावाचा परिसरात धाक होता, अशा दोघांवर त्यांनी वसाहतीची राखण सोपवली. ज्याला जे येतं ते त्याला करू द्यायचं, येत नसेल ते शिकू द्यायचं आणि जमलं की वर चढू द्यायचं.   मला लक्ष्मणरावांच्या नांगरापेक्षा त्यांची ही नजर मोठी वाटते. बढतीत डावलला गेलेला माणूस मालक झाल्यावर आपल्याच माणसांना डावलत नाही, ही साधी गोष्ट नाही. उलट वागणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत.

हे जुन्या काळातच चालायचं म्हणणाऱ्यांनी चेन्नईकडे बघावं. झोहोचे श्रीधर वेंबू यांना कॉलेजातले गुण आणि कामातली हुशारी यांचा मेळ बसताना दिसेना, म्हणून कंपनीने २००५ साली स्वतःचंच शिक्षणकेंद्र काढलं. बारावी किंवा पदविका झालेली मुलं घ्यायची, फी घ्यायची नाही, उलट विद्यावेतन द्यायचं आणि दोनेक वर्षांत प्रोग्रॅमिंग शिकवून कामाला लावायचं. यातला फी न घेण्याचा भाग मला कळीचा वाटतो. कारखान्याला कुशल माणूस हवा असेल तर त्याला घडवायचा खर्च कारखान्याने उचलायचा. आपल्याकडे तो बापाच्या एकरभर जमिनीवर टाकला जातो. खासगी कॉलेजची फी भरताना जमीन जाते आणि मुलगा जाहिरातीतल्या "अनुभव आवश्यक" या ओळीपाशी अडतो.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. परदेशातली डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी बाजूला ठेवून हा माणूस दुष्काळी गावात आला आणि शाळेतून गळालेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, माती-पाण्याची तपासणी शिकवू लागला. हाताने काम करता करता डोकं चालायला लागतं, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकी यंत्रांवर वस्तू घडवायची कार्यशाळा, २००२ साली याच पाबळमध्ये आली. शाळेने नापास ठरवलेल्या मुलांच्या हातात.

आता माझ्याच म्हणण्याला असलेला सगळ्यात खरा धोका सांगतो. कौशल्य, कौशल्य म्हणत गरिबाच्या पोराला पुन्हा बापाच्या धंद्याला जुंपायचं, हे या देशात झालंय. मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी १९५३ साली प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि धोब्याच्या मुलाने इस्त्री धरावी, असाच त्याचा अर्थ पेरियारांनी आणि लोकांनी लावला आणि तो बरोबर होता. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना गुंडाळली. चांगलं केलं. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला खाली आणि लेखणी धरणाऱ्याला वर बसवायची रीत जातीने घालून दिली. त्या घरांतल्या पहिल्या पदवीधराची पदवी म्हणजे नुसता कागद नसतो, ती सुटका असते. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या त्या पदवीकडे बोट दाखवून "याने काय होतं" म्हणायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. कॉलेजची दारं सगळ्यांना उघडी राहिलीच पाहिजेत.

पण तीच पदवी दुसऱ्या कुणाला दाराबाहेर ठेवायला वापरली जाते, तेव्हा बोलावंच लागतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर खात्यात ठेवायचे. त्या खात्यातला सगळ्यात जास्त पगार हा बाकीच्या खात्यांतल्या सगळ्यात कमी पगाराहूनही कमी. कायद्याने वर्णभेद बंद करायची वेळ आली, तोवर वरच्या खात्यांना हायस्कूलच्या दाखल्याची अट बसलेली होती आणि वर लेखी चाचण्याही आल्या. हायस्कूल न झालेले गोरे कामगार मात्र जुन्या जागांवर बसून तीच कामं व्यवस्थित करत होते, बढत्याही घेत होते. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की जी अट त्या कामाशी संबंधित आहे हे दाखवता येत नाही आणि जिच्यामुळे एक समाज बाहेर राहतो, ती चालणार नाही. हा ग्रिग्ज खटला. आपल्या प्रत्येक भरतीच्या जाहिरातीवर हा प्रश्न विचारायला हवा: ही अट त्या कामाला लागते, हे दाखवा.

डॉक्टरकडे पदवी असायलाच हवी, पुलाचं डिझाइन शिकलेल्यानेच करावं, याबद्दल वाद नाही. पण तिथेही बघा, एमबीबीएसच्या मुलाला वर्षभर वॉर्डात हात चालवून दाखवावा लागतो. सीएला आर्टिकलशिप करावीच लागते, आधी तीन वर्षं होती, आता दोन. आपण त्या उमेदवारीला मान देतो, घरात सांगताना आवाज चढतो. फिटरच्या हाताखाली दोन वर्षं राबणाऱ्या पोराला मात्र हेल्पर म्हणतो.

बायकांचं तर कौशल्य कौशल्यच धरलं जात नाही. आमच्या मागच्या गल्लीत एका वहिनींनी पंधरा वर्षं मेस चालवली. चाळीस डबे, दोन वेळा. किराण्याचं कोष्टक, उधारी, गॅसचे सिलिंडर, परीक्षेच्या सुट्टीत मुलं निम्मी झाली तर पीठ किती कमी मळायचं, सगळं तोंडपाठ. एका मोठ्या कार्यालयाच्या कॅन्टीनसाठी व्यवस्थापक हवा होता, म्हणून त्यांनी रोजगार मेळाव्यात फॉर्म भरला. टेबलापलीकडच्या मुलाने अनुभवाच्या रकान्यात "नाही" लिहिलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, मेस चालवते मी." तो म्हणाला, "ताई, त्याचं लेटर आहे का?" त्या माघारी आल्या आणि संध्याकाळचे डबे भरले. त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या पुढ्यातल्या फॉर्ममध्ये वहिनींना लिहायला जागाच नव्हती.

यावर उपाय म्हणून सरकारने २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला प्रमाणपत्र द्यायची सोय केली. तीस वर्षं भिंती बांधणाऱ्या गवंड्याला थोडकं वर्ग-प्रशिक्षण, एक तपासणी आणि प्रमाणपत्र. कल्पना उत्तम आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण मला भेटलेले असे गवंडी दुसऱ्या दिवशी मजूर अड्ड्यावर जुन्याच दराने उभे होते. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत. ठेकेदाराला त्या कागदाबद्दल एक रुपयाही जास्त द्यावा लागत नसेल तर आपण गवंड्याला आणखी एक कागदच दिला. सरकारी बांधकामाच्या निविदेत एवढं एक वाक्य घाला, की प्रमाणित कारागिराला कुशल कामगाराचाच दर मिळाला पाहिजे आणि त्याचा पुरावा बिलासोबत जोडला पाहिजे. बघा मग ठेकेदार स्वतः गवंड्यांना तपासणीला घेऊन जातात की नाही.

कारखानदारांना माझं मागणं याहून मोठं नाही. ट्रायल घ्या आणि ट्रायलच्या दिवसाचा पगार द्या. माणूस फुकट राबवून परीक्षा घेऊ नका. सुपरवायझरची जागा निघाली की आधी मशीनवरच्या माणसाला विचारा. त्याला ड्रॉइंग वाचता येत नसेल, कॉम्प्युटरवर रिपोर्ट भरता येत नसेल, तर कामाच्या वेळातच शिकवा, सुटल्यावर नव्हे. सुटल्यावर त्याला दोन बस बदलून घरी जायचं असतं. आणि साहेबांचीही दर काही वर्षांनी ट्रायल घ्या. ज्यांना काम येतं त्यांना तिची भीती वाटायचं कारण नाही.

भोसरीच्या त्या शेडकडे परत येतो. पट्टी वाकली, फुटली नाही, हे मघाशी सांगितलंच. सुपरवायझरांनी ती मला हातात दिली. अजून कोमट होती. जोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बोटाला कळत नव्हतं. "असा रूट हल्ली बघायला मिळत नाही," ते म्हणाले आणि मुलाला घेऊन पत्र्याच्या केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेलो. तिथे ठेकेदाराचा माणूस रजिस्टर उघडून बसला होता. त्याने आधार कार्ड मागितलं, बँकेचं पासबुक मागितलं, मग दाखला मागितला.

"नववीचा आहे."

त्याने लिहिलं. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे तीन रकाने असतात. तिन्ही कामावरून ठरायचे असतात, शाळेवरून नव्हे. मुलाने मान पुढे करून रजिस्टरमध्ये पाहिलं.

"साहेब, स्लिपवर काय लागणार?"

"हेल्पर. अकुशलमध्ये. सहा महिन्यांनी बघू."

सुपरवायझर दारात उभे होते. वाकवलेली पट्टी अजून माझ्याच हातात होती. मी ती रजिस्टरवर ठेवली. ठेकेदाराच्या माणसाने ती उचलून बाजूला सारली आणि पुढचं आधार कार्ड मागितलं.